सरांची सगळी उत्तरं बरोबर आली आणि कार्यक्रम पडला

दोन वर्षांमागं गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळानं सहाव्या दिवशी रात्री 'हसत-खेळत प्रश्नमंजुषा' ठेवली होती. मोबाईलवर परदेशातले कार्यक्रम बघून पोरांच्या डोक्यात ते आलं होतं. चार नावाजलेली माणसं बसवायची, त्यांना प्रश्न विचारायचे आणि लोकांनी पोट धरून हसायचं. बेळगावच्या शहापुरात आम्ही सिनेनट कुठून आणणार? गल्लीतलीच माणसं घेतली. एका बाजूला निवृत्त मुख्याध्यापक सर आणि दवाखान्याचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कुंद्याच्या दुकानाचे शेट आणि रिक्षावाले अण्णा. अण्णा म्हणजे गल्लीचा जीव. स्टँडवरनं शहापूर येईपर्यंत पॅसेंजरला हसवून सोडणार. बझर म्हणून एकीकडं सायकलची घंटी, दुसरीकडं स्टीलचं ताट आणि डाव. प्रश्न मी काढले होते.

पहिल्या पंधरा मिनिटांतच रंग कळला. सरांनी घंटी वाजवायची, उत्तर द्यायचं आणि उत्तर बरोबर. भारताचे पहिले राष्ट्रपती, कृष्णेचं उगमस्थान, मलप्रभेचं उगमस्थान, सगळं बरोबर. अण्णांनी ताटाला हात लावायचं सोडून दिलं. शेट मोबाईल बघायला लागले. मागच्या रांगेतली कुटुंबं एकेक करून उठली आणि पुढच्या चौकातला देखावा बघायला गेली. आत्या खानापूरहून मुद्दाम राहायला आल्या होत्या. घरी परत जाताना त्या म्हणाल्या, "परीक्षा द्यायला लागती रे. ती बघत कोण बसतंय?"

ते वाक्य माझ्या डोक्यातनं गेलं नाही. सर चांगले, अण्णा चांगले, प्रश्न बरोबर, मग बिघडलं कुठं? त्यानंतर वर्षभर मी विनोदी क्विझ शो नावाच्या या प्रकाराच्या मागं लागलो. जे समजलं ते इथं सांगतो.

क्विझ या एकाच नावाखाली दोन वेगळे पदार्थ विकले जातात. पहिला आपल्या घरोघरी माहीत आहे. 3 जुलै 2000 ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि अमिताभ बच्चन यांच्यासमोर बसलेल्या माणसाचा घाम आपण आपल्या घरात पुसला. तो खेळ मूळचा ब्रिटनमधला, 1998 सालचा. कानडीत 2012 मध्ये पुनीत राजकुमार यांनी तो केला, मराठीत 2013 मध्ये सचिन खेडेकर यांनी. आमच्यासारख्या सीमेवरच्या घरात रिमोट दोन्हीकडं फिरतो, त्यामुळं आत्यांनी दोन्ही बघितलेत. शिवाय दूरदर्शनच्या कानडी चंदना वाहिनीवरचं 'थट् अंत हेळी', म्हणजे 'पटकन सांगा'. डॉ. ना. सोमेश्वर 2002 पासून तो कार्यक्रम करत आले आणि बरोबर उत्तराला बक्षीस म्हणून पुस्तक देत आले. मला त्या कार्यक्रमाबद्दल फार आदर आहे.

या सगळ्यांत उत्तर हाच मुख्य माल. उत्तरावर कुणाचं तरी काहीतरी अडकलेलं असतं. अमरावती जिल्ह्यात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे 2019 मध्ये एक कोटीच्या प्रश्नापुढं बसल्या, तेव्हा आपला श्वास त्या एका उत्तरासाठी थांबला होता. तिथं कुणी मध्येच गंमत केली असती तर आपल्यालाच राग आला असता.

दुसऱ्या प्रकारात उत्तर हे निमित्त असतं. "चहाला या" म्हणतो, तसं. चहासाठी कोण जातंय? पण "गप्पा मारायला या" म्हणून बोलावलं तर पाहुणा अवघडून बसतो, आणि चहाचा कप हातात दिला की बोलायला लागतो. विनोदी क्विझमधला प्रश्न म्हणजे तो कप. चार हुशार, हजरजबाबी माणसांना स्टेजवर बसवून "हं, आता हसवा" म्हटलं तर चौघंही गप्प होतील. तेच "निपाणीची तंबाखू मूळची कुठली?" असं विचारा. आता त्यांना काहीतरी करायचं आहे, कुणाच्या तरी आधी करायचं आहे, आणि चुकायची भीती आहे. जीभ सुटते ती त्या घाईत.

मी काढलेले प्रश्न बरोबर होते, पण त्यांना एकच वाट होती. कृष्णेचं उगमस्थान महाबळेश्वर. संपलं. त्यापुढं अण्णांनी काय बोलायचं?

हा प्रकार परक्यांचा आहे असं मला सुरुवातीला वाटायचं. आता वाटत नाही. आपल्याकडं कलगी-तुऱ्याचे फड होतेच की. तुरेवाले शिवाच्या बाजूचे, कलगीवाले शक्तीच्या बाजूचे. एका शाहिरानं डफावर थाप मारून कवनातनं कोडं घालायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथं कवनातनंच त्याचा भेद उलगडायचा आणि वर उलटा सवाल टाकायचा. याच मातीत कानडी बाजूला हरदेशी-नागेशी आहे. तिथंही एक मेळ शिवाचा आणि एक शक्तीचा, तोच सामना कानडी लावणीत. रात्रभर बसलेल्या माणसाला शिव मोठा की शक्ती मोठी याचा निकाल नको असायचा, तो निकाल लागतही नाही. त्याला बघायचं असायचं की कोंडीत सापडलेला शाहीर त्यातनं सुटतो कसा. टीव्हीवरच्या विनोदी क्विझचा सगळा जीव याच बघण्यात आहे.

इंग्रजी टीव्हीवर ओळखीच्या माणसांना एका टेबलाशी बसवून खेळ खेळवायची रीत जुनी आहे. अमेरिकेत 'व्हॉट्स माय लाइन' 1950 मध्ये सुरू झालं. समोरच्या पाहुण्याचा धंदा काय, हे प्रसिद्ध मंडळींनी प्रश्न विचारून ओळखायचं. पण आज ज्याला पॅनल शो म्हणतात तो वाढला ब्रिटनमध्ये, आधी रेडिओवर आणि मग टीव्हीवर. बातम्यांवरचं 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' 1990 पासून चालू आहे. 2003 मध्ये 'क्यूआय' आलं, 2007 मध्ये 'वुड आय लाय टू यू'. यांतल्या 'क्यूआय'वर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझं कोडं तिथं सुटलं.

'क्यूआय' हे 'क्वाइट इंटरेस्टिंग' याचं लघुरूप, म्हणजे 'बऱ्यापैकी रंजक'. जॉन लॉइड या निर्मात्यानं तो घडवला. तिथं गुणांचं गणितच वेगळं आहे. बरोबर उत्तराला गुण मिळतातच, पण उत्तर चुकीचं असूनही ऐकण्यासारखं असेल तरी मिळतात. आणि कापले कधी जातात? सगळ्या जगाला पाठ असलेलं, सगळ्यांना खात्रीनं बरोबर वाटणारं चुकीचं उत्तर दिलं की. त्या क्षणी भोंगा वाजतो, मागच्या पडद्यावर ते उत्तर मोठ्या अक्षरांत झळकतं, कारण ते उत्तर येणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं. माणूस सापळ्यात बरोबर पाय देतो आणि सगळं स्टुडिओ हसतं.

भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? हॉकी म्हणालात की भोंगा. 2012 मध्ये माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं उत्तर दिलं की कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. हा सोपा नमुना झाला.

चांगला प्रश्न कसा बांधतात ते बघायला मी एक इथल्या मातीतला घेतो. प्रश्न असा: एकादशीच्या उपवासाच्या ताटात साबुदाण्याची खिचडी आहे, बटाट्याची भाजी आहे, शेंगदाण्याची आमटी आहे, हिरवी मिरची आहे, उकडलेलं रताळं आहे, राजगिऱ्याचा लाडू आहे आणि वरीचा भात आहे. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या वारकऱ्याला यातलं काय काय मिळालं असतं?

पहिल्यांदा सगळे म्हणतात, सगळंच. भोंगा. मग कुणी म्हणतं, बटाटा सोडून सगळं, कारण बटाटा पोर्तुगीजांनी आणला हे शाळेत कुठंतरी ऐकलेलं असतं. पुन्हा भोंगा. आता मंडळी सावध होतात. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. मिरची अमेरिका खंडाची, रताळं अमेरिकेचं, आणि ज्या राजगिऱ्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो त्याचं धान्यही मूळचं मेक्सिकोकडचं. कोलंबस 1492 मध्ये तिकडं पोचला, वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, आणि त्यानंतर जहाजांतून हे सगळं इकडं आलं. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली 1296 मध्ये. म्हणजे त्या ताटात उरतो फक्त वरीचा भात. सोबत हवं तर दूध, तूप आणि केळं घ्या.

या एका प्रश्नाला किती वाटा आहेत बघा. आजीचा उपवास मोडला का, यावर वाद घालता येतो. उपवासाला चालतं ते नक्की कुणी ठरवलं, हे विचारता येतं. बेडगी मिरचीच्या अभिमानावर बोलता येतं. आणि खरा अभ्यासू माणूस इथं तंबाखूची गोष्ट काढून जादा गुण मारून नेतो. तंबाखूही अमेरिकेचीच. अकबराचा दूत असद बेग याला 1604च्या सुमारास ती आपल्या शेजारच्या विजापुरात दिसली आणि तिथनं त्यानं ती बादशहाला नेऊन दाखवली. तेव्हा निपाणीच्या तंबाखूची वखार कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हती.

असा एक प्रश्न दहा मिनिटं चालतो. 'क्यूआय'मध्ये असे प्रश्न शोधणारी संशोधकांची वेगळी फौज आहे, त्यांना 'एल्व्ह' म्हणतात, म्हणजे इंग्रजी परीकथांतले कामसू बुटके. हसणं पडद्यावर दिसतं, पण त्याच्या खाली अभ्यासाचा जाड पाया असतो. मी एका संध्याकाळी चाळीस प्रश्न काढले होते. आता पाच काढायला मला आठवडा लागतो.

मग ओळखीची माणसंच का लागतात? हुशार पण अनोळखी माणसं बसवली तर चालणार नाही का?

अनोळखी माणूस चुकला तर आपल्याला त्याची कीव येते. ओळखीचा चुकला तर हसू येतं, कारण तो एरवी कसा आहे हे आपल्याला माहीत असतं. रुबाबदार नट, कडक संपादक, देशाचा माजी मंत्री असा माणूस "मला वाटलं पेंग्विन उत्तर ध्रुवावर असतात" म्हणाला, की त्याचं मोठेपण आणि ती चूक यांतल्या फटीत विनोद तयार होतो. ती फट प्रेक्षकाला आधीच माहीत हवी. टीव्हीवर अर्ध्या तासात कुणाची ओळख करून द्यायला वेळ नसतो, म्हणून ओळख बाहेरूनच घेऊन येणारा माणूस बोलावतात. सेलिब्रिटी या शब्दाचा एवढाच उपयोग आहे. आमच्या गल्लीत शाहरुख खान चुकण्यापेक्षा सर चुकणं कितीतरी मोठी बातमी आहे.

पण सगळेच पाहुणे असले तर खेळ सांडतो. म्हणून दोन्ही बाजूंना कायमचे कॅप्टन ठेवतात. 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू'मध्ये इयन हिस्लॉप आणि पॉल मर्टन हे दोघं पहिल्यापासून आहेत. एक उपहासात्मक पाक्षिकाचा संपादक, बातमीची नस माहीत असलेला. दुसरा कल्पनेच्या भराऱ्या मारणारा विनोदवीर. नवा पाहुणा अडखळला की यातला एक हात देतो. 1993 मध्ये रॉय हॅटर्सली हे राजकारणी ऐनवेळी आलेच नाहीत, तर कार्यक्रमवाल्यांनी त्यांच्या खुर्चीसमोर डुकराच्या चरबीचा एक डबा ठेवला, त्यालाच पाहुणा मानलं आणि एपिसोड पार पाडला. लोक तो एपिसोड अजून काढतात. चौकट मजबूत असेल तर एक खुर्ची रिकामी असली तरी खेळ उभा राहतो, याचा याहून चांगला पुरावा मला मिळालेला नाही.

सूत्रसंचालकाचं काम मला सगळ्यांत अवघड वाटतं. त्यानं सगळ्यांत विनोदी असायचं नसतं, सगळ्यांत शिस्तीचं असायचं असतं. हातात पट्टी असलेला कुणीतरी असेल तरच वर्गातली खोडी रंगते. 'क्यूआय'मध्ये स्टीफन फ्राय 2016 पर्यंत सर्वज्ञ मास्तरासारखे बसायचे आणि अॅलन डेव्हिस मागच्या बाकावरच्या पोरासारखे प्रत्येक सापळ्यात पाय द्यायचे. फ्राय गेल्यावर सँडी टॉक्सविग आल्या, मास्तर बदलला, पोरगा तोच राहिला आणि वर्ग चालू आहे.

आता तो प्रश्न, जो मला आत्यांपासून मंडळाच्या खजिनदारापर्यंत सगळ्यांनी विचारला. हे सगळं आधी ठरवलेलं असतं ना?

काही ठरवलेलं असतं. सूत्रसंचालकाची वाक्यं बरीचशी लिहिलेली असतात. कुठल्या पाहुण्याला किती आधी काय सांगतात ते कार्यक्रमागणिक बदलतं. ज्याला आपण सलग अर्धा तास समजतो तो सलग नसतोच. 'क्यूआय'च्या एका अर्ध्या तासासाठी साधारण दोन तास चित्रीकरण करतात आणि त्यातलं उत्तम ते ठेवतात. 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' गुरुवारी चित्रित होतं आणि शुक्रवारी दिसतं. मधल्या वेळेत एडिटरची कात्री चालते, आणि कुणाची बदनामी होईल असं काही राहू नये म्हणून वकिलांची नजरही. आमच्या स्टेजवर कात्री नव्हती. पडलेला विनोदही लोकांना पूर्ण बघावा लागला.

मग ही फसवणूक झाली का? याचं उत्तर एका जुन्या प्रकरणात आहे. अमेरिकेत 1956 मध्ये 'ट्वेंटी-वन' नावाच्या क्विझनं देश वेडा केला होता. त्यातला गाजलेला विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन कॉलेजात शिकवायचा, देखणा, नम्र. त्याच्याआधीचा विजेता हर्बर्ट स्टेम्पेल याला मुद्दाम हरायला सांगितलं गेलं होतं, तेही 1955 सालच्या सर्वोत्कृष्ट सिनेमाच्या ऑस्करवर, ज्याचं उत्तर त्याला पक्कं माहीत होतं. व्हॅन डोरेनला उत्तरं आधी मिळत होती. 1959 मध्ये त्यानं अमेरिकी संसदेच्या समितीपुढं ते कबूल केलं, आणि 1960 मध्ये अशी लबाडी गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

तिथं प्रेक्षकाला विकलेली गोष्ट होती ज्ञानाची खरी झुंज, आणि तीच खोटी निघाली. विनोदी क्विझमध्ये जिंकण्याला काही किंमत नसते. गुण कुणी मनावर घेत नाही, शेवटी कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तिथं प्रेक्षकाला दिलेला शब्द वेगळा असतो. ही माणसं खरोखर एकमेकांना उत्तर देताहेत आणि खरोखर हसताहेत, हा तो शब्द. तो पाळला तर प्रश्न आधी माहीत असला काय आणि नसला काय. नट पाठ केलेलं हसू हसायला लागला तर मात्र आपल्याला फसवलं गेलं असं वाटतं, आणि ते वाटणं बरोबर आहे.

'वुड आय लाय टू यू'मध्ये हे फार सुंदर दिसतं. पाहुण्यानं कार्डावरचं एक वाक्य वाचायचं, स्वतःबद्दलचं. ते खरं की खोटं हे समोरच्या बाजूनं उलटतपासणी करून ओळखायचं. बॉब मॉर्टिमर नावाच्या विनोदवीरानं एकदा सांगितलं की माझ्या दातांचं काम मी स्वतःच करतो. समोरच्या मंडळींनी त्याला उभा आडवा पिंजला. तो शांतपणे सिमेंट कसं भरायचं ते सांगत राहिला. आणि ते खरं निघालं.

गेल्या वर्षी आम्ही गणपतीत पुन्हा प्रश्नमंजुषा ठेवली, तेव्हा हा खेळ आमच्या गल्लीत अगदी फिट बसला. आम्ही तो शब्दांवर आणला. मराठी बाजूला कानडी शब्द द्यायचा, कानडी बाजूला मराठी, सोबत तीन अर्थ, त्यांतला एक खरा. रोजचे शब्द इथं सगळ्यांना येतात, म्हणून जरा आडवाटेचे घेतले. पहिला शब्द होता 'चप्पाळे'. अण्णा म्हणाले, लग्नाच्या हॉलबाहेर चपलांचा जो ढीग पडतो तो चप्पाळे, त्यात आपली चप्पल सापडली तर ते लग्न टिकतं. शेट म्हणाले, चापट मारून लाटायची भाकरी. टीचरबाईंनी सांगितलं, टाळ्या. लोकांनी ओरडून चपलांच्या ढिगाला मत दिलं. खरं उत्तर टाळ्या. ते कळल्यावर मांडवात ज्या टाळ्या पडल्या त्या आधी पडल्या नव्हत्या.

टीचरबाई म्हणजे आमच्या शेजारच्या, कानडी शाळेत शिकवतात. डॉक्टरांना दवाखाना सोडता येईना, म्हणून गेल्या वर्षी त्या आल्या. त्यांना आम्ही 'किडूकमिडूक' हा शब्द दिला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "हा तर आमचाच वाटतोय, तुम्ही कधी नेला?" भाषेचे अभ्यासक मराठीतल्या ज्या शब्दांची मुळं कानडीत दाखवतात त्यांत हाही येतो. तूप, अण्णा, अक्का, अडकित्ता हेही. मला तो क्षण त्या रात्रीचा सगळ्यांत मोलाचा वाटला.

आमच्या भागात भाषा हा हसायचा विषय सहज होत नाही, त्यामागं 1956 पासूनचं सीमावादाचं दुखणं आहे. म्हणून आम्ही एकच नियम केला होता. दुसऱ्याच्या भाषेवर हसायचं नाही, ती बोलताना आपली जी फजिती होते तिच्यावर हसायचं. कानडीत 'हण' म्हणजे पैसे. दुकानदार "हण कोडी" म्हणाला की नव्या मराठी माणसाला वाटतं हा कुणाला हाणायला सांगतोय. ही गोष्ट अण्णांनी स्वतःच्या पहिल्या भाड्यावर रचून सांगितली आणि टीचरबाई डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या.

मराठी टीव्हीवर असा कार्यक्रम का रुजला नाही, याचा मी खूप विचार केला. सामान आपल्याकडं सगळं आहे. 'चला हवा येऊ द्या' 2014 मध्ये आलं, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' 2018 मध्ये, दोन्हींनी घराघरांत हसू नेलं. सेलिब्रिटी येतात, टायमिंगचे बादशहा आपल्याकडं आहेत. पण आपला विनोद लिहिलेल्या स्किटवर उभा आहे, आणि पाहुणा येतो तो बहुतेक वेळा सिनेमाचा प्रोमो घेऊन. असा पाहुणा चुकायला तयार नसतो. त्याला चांगलंच दिसायचं असतं. विनोदी क्विझला मात्र फजिती झालेली चालणारा, भोंगा वाजल्यावर मनापासून हसणारा पाहुणा लागतो. शिवाय न लिहिलेल्या बोलण्यात कुणाच्या भावना कधी दुखावतील याचा नेम नसतो, म्हणून वाहिन्या कचरतात. मला ती भीती समजते. तरी एकदा कुणीतरी करून बघावं असं फार वाटतं, कारण खर्च कमी असतो. एक सेट, एक टेबल, दिवसाला दोन एपिसोड. लागतात ते चांगले प्रश्न, आणि त्यांना वेळ द्यावा लागतो.

गेल्या वर्षीच्या तयारीत सगळे म्हणाले, सरांना सूत्रसंचालक करा, म्हणजे ते उत्तर देणार नाहीत. मला ते पटलं नाही. सर चुकायला हवेत, आणि तेही सगळ्यांसमोर. मी त्यांच्या घरी जाऊन सरळ सांगितलं, या वेळी पाठ असलेल्या उत्तराला दहा गुण कापणार. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग मी अभ्यास काय करू?" मी म्हटलं, काही करू नका. सूत्रसंचालनाला पोस्टात काम करणाऱ्या वैनींना घेतलं. त्यांचा आवाज काउंटरवरचा, ना चढत, ना उतरत. "चूक. दहा वजा." एवढंच म्हणायच्या आणि पुढचं कार्ड उचलायच्या.

उपवासाच्या ताटावर सर पुरते अडकले. आधी "सगळंच", मग "बटाटा सोडून", मग "राजगिरा तरी आपलाच, हे मी शपथेवर सांगतो". तीनदा भोंगा, म्हणजे आमच्याकडं शंख. तिसऱ्या वेळी सर उभे राहिले आणि त्यांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. एकादशीला घरातल्या चुलीला ती दुसरं काही लागू द्यायची नाही, आणि आता कळतंय की ती आयुष्यभर मेक्सिकोचं जेवण करून पंढरीला जात होती. मांडव हसत होता, सरही हसत होते, आणि हसता हसता त्यांचा आवाज जरा जड झाला होता. वैनींनी पहिल्यांदाच कार्ड खाली ठेवलं आणि वीस गुण अधिक दिले. आत्या पुढच्या रांगेत होत्या, शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

दहाच्या ठोक्याला लाऊडस्पीकर बंद करायचा होता, म्हणून निकाल फळ्यावरच लिहायचं ठरलं. शेट-अण्णांची बाजू उणे तीस, सर-टीचरबाईंची उणे दहा. खडू हातात धरलेलं पोर तिसरीतलं, त्याला उणे कसं मांडायचं ते ठाऊक नव्हतं. ते आमच्या तोंडाकडं बघत उभं राहिलं. सर खुर्चीतनं उठले, त्याचा हात हातात घेतला आणि स्वतःच्या नावासमोरच्या दहाच्या आधी एक छोटी आडवी रेघ मारून दाखवली.